माहेरचा सोनटक्का

डोंबिवलीत आमच्या दारावर भाजी विकायला येणाऱ्या आगरी मावशींचं नाव मी कधी विचारलंच नाही. एकदा त्यांनी पदराआडून माहेरच्या सोनटक्क्याचा गड्डा काढून दिला. "सावलीत लाव गो, मोरीच्या पान्यावर."

मिरवायची हौस म्हणून मी तो पुढच्या अंगणात, भर उन्हात लावला. तो करपला. मावशींनी विचारलं की मी म्हणायचे, "छान फुटलाय."

नव्वद सालाच्या सुमारास त्या म्हणाल्या, "येक फूल दे. बिल्डिंगीसाठी आमच्या वारीवर भराव टाकला, येक गड्डा नाय रायला." वारी म्हणजे त्यांची माहेरची वाडी.

मी ठाण्याच्या नौपाड्यातून फूल विकत आणून दिलं. त्यांनी डोळे मिटून वास घेतला.

"आईचाच हाय. तुज्यामुलं जगला गो."

मी मान खाली घालून मेथी निवडत राहिले.