भावासाठी घेतलेला डबा

अव्वा, म्हणजे माझी आई, गेली तेव्हा मी बेचाळीस वर्षांची होते. शेवटची दोन वर्षं तिला उचलणं, कुशीवर वळवणं सगळं मीच केलं होतं, आणि त्यात माझा उजवा खांदा कामातून गेला. डॉक्टर म्हणाले, "हातात ताकदच राहिली नाही तुमच्या. घरच्या घरी व्यायाम सुरू करा." मग मी एकेक किलोचे दोन डंबेल्स आणले आणि रोज सकाळी, ऑफिसला जायच्या आधी, दार लावून अर्धा तास ते उचलू लागले.

महिन्याभरात गळून गेल्यासारखं व्हायला लागलं. डॉक्टरांनी विचारलं, "जेवता काय?" एकटीसाठी डाळ शिजवायचा मला कंटाळा यायचा. ताक-भात, नाहीतर चटणी-भाकरी. अंडं तर आमच्या घरात कधी आलंच नव्हतं. "मग प्रोटीनची पावडर तरी घ्या," ते म्हणाले.

शाहूपुरीत ऑफिसच्या वाटेवर एक औषधांचं दुकान होतं. मालक पन्नाशीचे, मोठ्यानं बोलणारे. कपाटात डबे ओळीनं मांडलेले. एकावर पोटुशी बाई, एकावर शाळकरी मुलगा, एकावर चष्मा लावलेले आजोबा, आणि एकावर दंड फुगवलेला तरुण. यातला कुठला घ्यावा ते मला कळेना.

"कुणासाठी पायजे, ताई?"

मागे दोघं-तिघं उभे होते. "भावासाठी," मी म्हणाले. मला भाऊ नाही.

"तालमीत जातोय?"

"नाही, घरीच करतो."

दंड फुगवलेल्या तरुणाचा डबा काढत ते म्हणाले, "मग ह्योच न्या. रोज दोन चमचं, दुधातनं."

आठवड्यात माझं पोट फुगायला लागलं. मी दुकानात गेले तर त्यांनीच आधी विचारलं, "मानवलं का भावाला?"

"पोट फुगतंय त्याचं."

"मग पाण्यातनं घ्यू दे. आन् एकच चमचा. घाई करू नको म्हणावं."

त्यांचं ऐकलं आणि खरंच फरक पडला. त्यानंतर येता-जाता ते हाक मारून विचारायचे. झोप लागते का, भूक वाढली का, किती वजन उचलतो. मी सगळं सांगायची, फक्त 'मी'च्या जागी 'तो' घालून. दोन किलोचे डंबेल्स घेतले तेव्हा मी सुट्टी असूनही मुद्दाम सांगायला गेले होते. ते खूश झाले. त्या दिवसांत माझ्या तब्येतीची चौकशी करणारं गावात दुसरं कुणी नव्हतं.

पुढे एकदा ते म्हणाले, "आणा की एकदा भावाला. एवढं करताय त्याचं, बघू तरी."

मी घाबरून म्हणाले, "तो पुण्याला गेला. नोकरी लागली."

"बरं झालं की. म्हंजे डबा बंद आता?"

मी मान डोलावली आणि बाहेर पडले. दोन महिने लांबच्या एका दुकानातून डबा आणला. तिथला माणूस नुसता पैसे घ्यायचा आणि डबा पुढे सरकवायचा. घरी येऊनही दिवसभरात बोलायला कुणी नसायचं. शेवटी एका दुपारी, गिऱ्हाईक नाही असं बघून, मी जुन्या दुकानात शिरले.

"मला भाऊ नाही," मी म्हणाले. "डबा मीच घेत होते. व्यायामही मीच करते."

ते म्हणाले, "आधी सांगायचं न्हाय का? बाईमाणसाला एवढा मोठा डबा कशाला?" त्यांनी साधा, लहान डबा काढला. "ह्यो घ्या. आन् जोडीला फुटाणं खात जावा मूठभर."

मला फार हलकं वाटलं. पुढच्या महिन्यात मी उत्साहानं गेले. झोप बरी लागतेय, खांदा वर जातोय, असं सगळं सांगायचं होतं. पण त्यांनी काही विचारलं नाही. भावाच्या पोटाबद्दल, वजनाबद्दल ते भर दुकानात बोलायचे. माझ्या अंगाबद्दल कसं विचारणार? मला बघितल्यावर त्यांनी डबा काढला, वर्तमानपत्रात नीट गुंडाळला, दोरा बांधला आणि खाली बघत काउंटरवर ठेवला.

"आणखी काय?" एवढंच म्हणाले.

"काही नाही," मी म्हणाले.

पुढची तीन वर्षं मी तिथूनच डबा घेतला.