एक लिटर पाण्यात एक पुडी

लांबच्या राईडहून आलं की काळ्या टी-शर्टवर मिठाच्या पांढऱ्या रेघा उमटतात. दोन-तीनदा धुतला तरी पाठीवरची एखादी रेघ राहतेच. आमच्या रविवारच्या सायकल ग्रुपचे किस्से अगदी तसेच आहेत. रस्ता कुठला होता, किती किलोमीटर झाले, हे कुणाला आठवत नाही. कोण काय पिऊन कुठे आडवं झालं, हे मात्र सगळ्यांना पाठ!

ग्रुप म्हणजे तरी केवढा? तीन माणसं. दीपक सर शाळेत पीटी शिकवतात. रमणकाकांची कळसाडीला केळी आणि ऊस. आणि मी पल्लवी, बी. फार्म. करून शहाद्यात मेडिकलच्या दुकानात बसते. सरांचा विश्वास इलेक्ट्रोलाइटवर. काकांचा साध्या पाण्यावर. माझा कशावरच नाही. मागून ट्रॅक्टरचा हॉर्न वाजला तरी मी ब्रेक दाबून थेट रस्त्याच्या कडेला उतरते.

*

माझी पहिली लांब राईड तळोद्याची. उन्हाने चक्कर येईल या भीतीने मी दर दहा मिनिटांनी साधं पाणी ढोसत होते. पोटात मात्र सकाळपासून काही नाही. खाऊन सायकल चालवली की उलटी होते, असं कुठंतरी वाचलेलं.

परतताना डोळ्यांपुढे आधी काजवे, मग कापसाचं शेत, मग काहीच नाही. शुद्धीवर आले तेव्हा केळीच्या टेम्पोत होते. दोन्ही बाजूंनी घड, डोक्याखाली केळीची पानं आणि पायाशी माझी सायकल.

टेम्पो आमच्या गल्लीत थांबला. शेजारच्या काकू लगबगीनं आल्या, आत डोकावल्या आणि आईला हाक मारून म्हणाल्या, "लगीन शे का वं घर? इतल्या केळी काब्र मांगाड्यात?"

आई हसली. पप्पा नाही हसले. त्यांनी त्याच दिवशी अट घातली. "आजून एक डाव जर तुले आशी गाडीमा टाकीसन आनी, ते सायकल इकी टाकसू. सांगी ठेवस!"

सायकल विकणार म्हणजे विकणारच; पप्पा बोलतात ते करतात. तेव्हापासून प्रत्येक राईडला पायांपेक्षा माझं काळीजच जास्त धावतं. चार वर्षं घर ते दुकान, दुकान ते घर एवढंच आयुष्य होतं माझं. ती सायकल गेली तर रविवारही गेला.

*

दीपक सरांनी फसफसणाऱ्या गोळ्या मागवल्या. पाण्यात टाकली की बुडबुडे येतात, पाणी केशरी होतं. म्हसावदच्या अलीकडे, उसाच्या सावलीत सरांनी आम्हाला सोडियम, पोटॅशियमचं लेक्चर दिलं आणि एक गोळी माझ्या बाटलीत टाकली.

रमणकाका नीटनेटके. उघडी बाटली त्यांना बघवत नाही. सर बोलत असतानाच त्यांनी हळूच बाटलीचं झाकण गच्च लावलं आणि ती माझ्या सायकलीला अडकवली.

दोन मिनिटांनी 'फाट्!'

मी सायकल टाकली आणि उसात शिरले. टायर फुटला, बंदूक झाडली, बिबट्या आला, जे जे शक्य होतं ते सगळं माझ्या मनात येऊन गेलं. बाहेर पाहते तर सर नखशिखान्त केशरी आणि काका शांतपणे रस्त्यावरचं झाकण शोधतायत.

"सर," काका म्हणाले, "साधं पानी कधी आसं कोनावर धाई जास का?"

*

त्याच काकांच्या घरचा हा पुढचा प्रकार. सरांनी काकांच्या वाढदिवसाला इलेक्ट्रोलाइट पावडरचा मोठा डबा दिला. चांगला महागाचा. काकांनी तो नेला आणि ठिबकच्या खतांशेजारी फळीवर ठेवून दिला. दुसरीकडे कुठे ठेवणार? पांढरी पावडर, डब्यावर 'पोटॅशियम' लिहिलेलं. केळीला ठिबकमधून देतात ते झिरो-झिरो-पन्नास खतसुद्धा पांढरंच!

पुढे काय झालं ते सांगायला नको. काका नंदुरबारला गेले होते. काकींनी डबा उघडला, टाकीत ओतला, ढवळला आणि मोटर सुरू केली.

काकांचा मला दुकानात फोन. "पल्लवी, फळीवरना आख्खा डबा पिवाई गया. काही व्हवाव नही ना?"

माझ्या हातातून गोळ्यांची पट्टी पडली. मला वाटलं खत कुणीतरी प्यायलं! "काका, प्यायलं कोण? किती प्यायलं? दवाखान्यात न्या!"

"आरे, केळीच पिनात ना!"

सगळा उलगडा झाल्यावर मी खुर्चीत बसले आणि अर्धी बाटली पाणी प्यायले. साधंच. दुसऱ्या दिवशी काकांची खतं फळीवरून हलवून कुलपात ठेवून घेतली, तेव्हा कुठे जेवले.

काकींना मात्र पश्चात्ताप शून्य. "गंज गोड वास येत व्हता," त्या म्हणाल्या. "आते देखा, केळी सायकल चालाडतीन!"

*

आता माझा स्वतःचा गाढवपणा सांगते. दुकानात ओआरएस देताना दिवसातून दहा वेळा मी लोकांना बजावते, "एक लिटर पाण्यात एक पुडी. कमी पाण्यात टाकायची नाही." आणि धडगावच्या रस्त्याला निघताना, पप्पांची अट आठवून, मी अर्ध्या लिटरच्या बाटलीत दोन पुड्या टाकल्या. एकीपेक्षा दोन सेफ!

तासाभरात तोंड कोरडं, पोटात ढवळाढवळ. मग पोट असं काही फिरलं की मी सायकल एका गावात पहिल्याच घरासमोर टाकली आणि अंगणात धावत घुसले. एक आजी शेंगा सोलत होती.

"काय व्हयनं वं माय? कोन मांगे लागनं?"

"कोणी नाही आजी..."

माझ्या तोंडाकडे एकदा बघून आजीने शेंगेनेच दिशा दाखवली. "मंग तठे जाय. पानी भरेल शे."

बाहेर आल्यावर जी सुटका वाटली, ती दहावीच्या निकालालाही वाटली नव्हती. आजीने माठातलं पाणी दिलं, सोबत भाकरीचा तुकडा. विचारलं, "शिकेल शे का तू?"

"हो. औषधांचंच शिकलेय."

आजी परत शेंगांकडे वळली. "व्हई जास आसं."

*

काकांचीही एकदा जिरली. तापीच्या पुलावर त्यांच्या दोन्ही पोटऱ्यांत एकदम गोळे आले. बसता येईना, उतरता येईना. कठडा धरून, सायकल दोन पायांत घेऊन, शेतातल्या बुजगावण्यासारखे उभे! मी रडायच्या बेतात. सरांचा मात्र चेहरा खुललेला. त्यांनी आपली बाटली पुढे केली.

काका प्यायले. तोंड वाकडं केलं. "आम्हना ढोरेसले चाटाले मीठ ठेवतस ना, तसं लागस हाई." पण अर्ध्या तासाने काका सायकलवर होते, आणि सर पूर्ण रस्ताभर आपली बाटली त्यांच्यापुढे हलवत राहिले. जिंकलेला माणूस किती त्रास देऊ शकतो, ते तेव्हा कळलं.

पुढच्या रविवारी काकांच्या बाटलीतलं पाणी जरा गढूळ दिसलं. सरांनी विचारलं, "काय काका, आले ना शेवटी इलेक्ट्रोलाइटवर?"

"छ्या! साधंच पानी शे," काका म्हणाले. "थोडं मीठ टाकं, थोडी साखर टाकी, लिंबू पिळं. बस!"

*

आणि मोलगी. बाजाराच्या दिवशी घाट चढून मोलगी गाठायची, आमचूर घ्यायचा, असं ठरलं. मार्चचं ऊन. सायकली पिकअपमध्ये टाकून अक्कलकुव्यापर्यंत गेलो, पुढे चढ. घरातून निघताना पप्पा एकच वाक्य बोलले. "ध्यानमा शे ना?"

होतं ना! एक लिटर पाण्यात एक पुडी, मोजून. दुसरी बाटली साध्या पाण्याची. पोटात भाकरी. पोटऱ्यांत जरा कळ आली की वाटायचं, झालं, आता जीप, आता सायकल गेली. बाजाराला चाललेल्या बायका डोक्यावर पाट्या घेऊन आमच्यापुढे निघून जात होत्या. सर पुढे, काका मागे, मध्ये मी देवाचं नाव घेत.

अर्ध्या घाटात, एका वळणावर, मोहाच्या झाडाखाली हेल्मेट घातलेला माणूस भिंतीसारखा ताठ बसलेला. शेजारी मोटरसायकल. मी किंचाळले!

"वरडू नको," हेल्मेटमधून आवाज आला. "मी शे."

पप्पा! सकाळपासून माझ्या मागे मागे, मला दिसणार नाही इतक्या अंतरावर. मग मी झाडाआड थांबले तेव्हा चुकून पुढे गेलेले. पाण्याची बाटली घ्यायचं राहिलं होतं, चहाशिवाय पोटात काही नव्हतं. हेल्मेट काढलं तर चेहरा पांढराफटक, ओठ सुकलेले.

मी घाबरायला पाहिजे होतं. पण हात आपोआप चालले. बूट काढले, पाय उचलून दगडावर ठेवले, रुमाल ओला केला, पुडीची बाटली त्यांच्या हातात दिली. "गटागट नाही पप्पा. घोट-घोट."

पप्पा घोट-घोट प्यायले. अगदी ऐकणाऱ्या मुलासारखे. पंधरा-वीस मिनिटांत चेहऱ्यावर रंग आला, आणि मला एकदम इतकं हलकं वाटलं की मी काकांच्या खांद्यावर डोकं ठेवून रडून घेतलं. पण मोटरसायकल चालवू द्यायची नाही, यावर मी ठाम राहिले. ती तिथल्याच एका टपरीवाल्याकडे ठेवली आणि बाजाराची जीप थांबवली. काकांनी आपली सायकल जीपवर बांधली, पप्पांना पोत्यांवर नीट बसवलं आणि शेजारी बसले. मीही चढायला लागले.

"तू काब्र?" पप्पांनी हात आडवा केला. "तुले काय व्हयनं? जाय, चालाड!"

सर केव्हाच पुढे निघून गेलेले. मी चालवू लागले. साध्या पाण्याची बाटली, आणि वर उरलेला घाट. चढावर जीप माझ्याच वेगाने, अगदी बाजूने रांगत होती. ड्रायव्हरने खिडकीतून मला पाहिलं, मग मान वळवून पोत्यांवर बसलेल्या पप्पांना विचारलं, "भाऊ, पोर सायकलवर आनी तुम्ही जीपमा, आसं कसं?"

पप्पांनी माझी बाटली तोंडाला लावली, एक घोट घेतला आणि म्हणाले,

"कोनी तरी तिनावर ध्यान ठेवाले नको का?"