आत्याचा गट

आमची आत्या नाकावर माशी बसू द्यायची नाही, आणि जन्म गेला तिचा माशांतच. ओढ्याकाठी चावणाऱ्या, पाठीला कुबड असलेल्या काळ्या माशा. त्यांची वर्गवारी करणं ही तिची संग्रहालयातली नोकरी. कुणी विचारलं की बाबा, म्हणजे तिचा धाकटा भाऊ, खुशाल सांगायचे, ताई माशा मारते.

या माशीचा कोष वाहत्या पाण्यातल्या दगडाला चिकटून असतो आणि डोक्याशी श्वास घ्यायला धाग्यांचे झुपके असतात. माशी कुठल्या गटातली, ते हे धागे बघून ठरवतात. आत्याला तरुणपणी डोंगरातल्या एका ओढ्यात काही रिकामे कोष सापडले, माशा उडून गेलेले. धाग्यांच्या जागी नुसते जाड, आखूड खुंट. असं कुणी पाहिलंच नव्हतं. तिने त्यांचा वेगळा गट केला, तो मान्य झाला, संग्रहालयात त्याला स्वतंत्र खण मिळाला. माशी इतकी दुर्मिळ की पुन्हा कुणाला दिसली नाही. आत्याची सगळी ओळख त्या एका खणात होती.

सगळं सुरळीत चाललेलं, तिथे माशी शिंकली. एका सहकाऱ्याने शंका काढली, की धागे प्रवाहाने तुटले नसतील कशावरून? आत्याने त्याच्याशी बोलणं टाकलं. घरी येऊन भांडी आपटायची. निवृत्ती तोंडावर आलेली, आणि हा शहाणा! शेवटी त्याचं तोंड बंद करायचं म्हणून मला घेऊन त्याच ओढ्यावर गेली. गुडघे कुरकुरत होते, तरी पाण्यात स्वतःच उतरली. बरेच दगड उलटेपालटे केले, आणि एका दगडावर वाकली. त्यावर जिवंत कोष होता. खाली तेच जाड खुंट, पण त्यांवर लांब, नाजूक धागे हलत होते, इतर माशांना असतात तसेच. तिने तो दगड परत टाकला असता तर बघायला मी एकटीच होते, आणि मी हूं की चूं केलं नसतं.

तिने कोष बाटलीत घातला. गट रद्द करणारा लेख तिनेच लिहिला, खणावरची चिठ्ठीही तिनेच काढली.

त्यानंतर बाबा पहिल्यांदा संग्रहालयात गेले. मीही होते सोबत. म्हणाले, बघू तरी काय ते. सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बराच वेळ बसले. आधी तिचा कोष पाहिला, मग एक साधा.

"ताई, मला तर दोन्ही सारखेच दिसतात गं."

"मलाही रे," आत्या म्हणाली, आणि चष्मा काढून डोळे पुसायला लागली.