गुळाचा खडा

आमच्या कुपवाडच्या गल्लीतल्या माझ्या एका दोस्ताला लहानपणापासून शुगर आहे. इन्सुलिन घेतो आणि घाट पळतो. ‘कसं काय?’ विचारलं की दंडावरच्या सेन्सरला फोन टेकवून साखरेचा आकडा सांगतो. लग्नात कुणीतरी त्याच्या ताटातली जिलेबी परस्पर उचलतं. मला राग येतो, तो हसतो.

गेल्या वर्षी साताऱ्याच्या घाटातल्या शर्यतीत त्यानं पळता पळता खिशातून गुळाचा खडा काढला. बघायला आलेल्या माझ्या आईनं तो हिसकावला. “मरायचंय का रं?”

“पळून साखर उतरलीया, मावशी. गूळ न्हाई खाल्ला तर इथंच आडवा हुईन,” म्हणत त्यानं आ केला. तिनं घाबरत घाबरत भरवला.

यंदा ती पदरात गूळ बांधूनच वळणावर उभी होती. तो आला. “आकडा किती रं?”

“एकशे साठ. भरपूर हाय.”

“मग थांबलास कशाला? पळ.”