आईच्या पाठीतलं दुखणं

आईच्या छातीतली गाठ नागपुरात काढली, तेव्हा मी तिरोड्याच्या शाळेत नुकतीच विज्ञान शिकवायला लागले होते. ऑपरेशन झालं, केमो झाली, केस गेले आणि पुन्हा आले, आधीपेक्षा कुरळे. मग पाच वर्षं रोज एक गोळी. गोळ्या संपल्या तेव्हा डॉक्टर हसून म्हणाले, "आता वर्षातून एकदा या." परतीच्या गाडीत आईनं डबा उघडला आणि समोरच्या अनोळखी बाईलाही पोळी-भाजी वाढली.

माझी भीती मात्र गेली नाही. आई खोकली तरी मी हातातलं काम टाकून तिच्याकडे बघत राहायचे. तिला ते कळायचं.

"काऊन पाहून राहिली वं अशी? जित्ती आहो मी."

पुढं काही वर्षांनी, धानाची रोवणी चालू असताना तिची पाठ धरली. चिखलात दिवसभर वाकणाऱ्या सगळ्याच बायांची धरते. बाबांनी तेल चोळून दिलं. रोवणी संपली, बाकीच्या बाया मोकळ्या झाल्या, आईचं दुखणं थांबलं नाही. एका सकाळी बाजेवरून उठताना ती ओरडली. तसा आवाज मी तिच्या तोंडून कधी ऐकला नव्हता.

नागपूरच्या स्कॅनमध्ये मणक्यांवर काळे डाग दिसले.

"हा नवा आजार नाही, तेव्हाचाच आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"पण गाठ तर काढली होती ना?" बाबांनी विचारलं.

"गाठ काढण्याआधीच काही पेशी रक्तातून हाडात गेलेल्या असतात. त्यांची जनुकं गाठीतलीच, पण त्या जनुकांवर रासायनिक खुणा असतात. कुठलं जनुक चालू, कुठलं बंद, हे त्या खुणांवरही ठरतं. वाढीची जनुकं बंद राहिली, तर पेशी वर्षानुवर्षं निजून राहू शकते. खुणा बदलल्या की जागी होऊ शकते."

"मंग त्या कायले बदलल्या?" आईनं विचारलं. "मी रोवणीले गेली म्हणून?"

शेजारणीनं तिला तसं सांगितलं होतं.

"नाही. तुमच्या कामानं काही झालेलं नाही. का बदलतात, ते अजून कुणालाच नीट माहीत नाही."

आईच्या मुठीतला पदर सुटला. मला मात्र परतीची ती गाडी आठवली. म्हणजे त्या दिवशी गाडीत ती हसत पोळी वाढत होती, तेव्हाही त्या पेशी तिच्या हाडात होत्या. आणि का जागतात हेच माहीत नसेल, तर तिला जपायचं कशापासून?

औषध बदललं, हाडांचं इंजेक्शन सुरू झालं. दिवाळीपर्यंत ती अंगणात चालू लागली. पुढच्या स्कॅनमध्ये डाग वाढले नव्हते.

"आता निजल्या असतीन का त्या?" घरी आल्यावर तिनं विचारलं.

"असतील."

"मंग हळू बोल ना वं," म्हणाली आणि स्वतःच हसली. मला हसता आलं नाही.

दोनेक वर्षांनी आजार यकृतात पोचला. मळणीच्या दिवसांत ती घरीच वारली, बाबा आणि मी जवळ असताना.

आईला होता म्हणून मलाही आता दरवर्षी छातीची तपासणी करायला सांगितलंय. मी जाते. रिपोर्ट चांगला येतो. तरी दवाखान्याच्या बाकावर माझं नाव पुकारलं की उठताना आधी पाठ दुखते का ते मी बघते.