काकांचं विमान आणि गंगेचा गडू

काका कुठल्याही वस्तूला आधी उलटा हात लावायचे. मिक्सर, इन्व्हर्टर, माझी स्कूटर, काहीही. “ताप आहे,” असं जाहीर करायचे आणि लगेच धीर द्यायचे, “पण परेशान व्हायचं नक्को.” त्यानंतर हमखास परेशान व्हायची पाळी यायची.

काचीगुड्यात आमची दारं समोरासमोर. निवृत्त झाल्यावर काका घरच्या कंप्युटरवर विमान चालवायला लागले. त्याला खेळ म्हणायची सोय नव्हती, बोलणंच सोडायचे. उड्डाणाआधी पंखा बंद, कारण खऱ्या वैमानिकाच्या डोक्यावर पंखा नसतो म्हणे. बाजूच्या खुर्चीत काकू, कमरेला जुन्या ओढणीचा पट्टा बांधून शेंगा सोलत बसलेल्या.

हसू नका. मुलगा दुबईला, नातू तिकडेच जन्मलेला, आणि काकू विमानाच्या नावानं थरथरणाऱ्या. त्यांनी अट घातली होती, “तुमचं हे विमान एकदा दुबईला सुखरूप उतरवून दाखवा, मग मी खऱ्यात बसते.” काका बिचारे रोज निघायचे. रोज अरबी समुद्रावर कंप्युटर तापायचा आणि पडदा काळा! “बुडालो की हो,” काकू ताट सावरत म्हणायच्या. तिकडे नातू रांगायचा तो चालायला लागला, तरी हे दोघं आपले समुद्रातच.

शेवटी काकांनी कंप्युटरला पाण्यानं गार ठेवायचं ठरवलं. कुकटपल्लीहून खोकं आलं. त्यात छोटा पंप, नळ्या, पाण्याची टाकी आणि गाडीत असतो तसा रेडिएटर. आता विजेच्या यंत्रात पाणी फिरवणारा माणूस समोर राहत असला तर शेजाऱ्यांनी काय करावं, तुम्हीच सांगा! मी आमचा मेन स्विच कुठे आहे ते बघून ठेवलं.

चाचणीच्या रविवारी काका कडक सोवळ्यात. नळाचा थेंब चालणार नाही, फक्त बॅटरीत घालतात ते शुद्ध पाणी. कंप्युटर बंद, नुसता पंप चालू, आणि प्रत्येक जोडाखाली कोरडा कागद. कागद भिजला की गळती. दुपारभर ते गुडघ्यांवर बसून कागद चाचपत होते. मी शिंकले तर असं वळून बघितलं की काय सांगू!

ते हात धुवायला गेले आणि काकू देवघरातून गंगेचा गडू घेऊन आल्या. काशीहून आणलेला, तोंड डाख लावून बंद केलेला. शेवटच्या घटकेला तोंडात घालायला जपतात ना, तोच. उलथन्यानं तोंड उचकटलं आणि टाकीत ओतला.

“अहो काकू, ते पाणी कशासाठी असतं...”

“माहीत आहे गं. बुडाल्यावर काय करू त्याचं?”

काका दारात उभे. उघडा गडू बघितला, टाकी बघितली, काकूंकडे बघितलं. आता घर डोक्यावर घेणार असं मला वाटलं. ते खाली बसले, सगळे कागद पुन्हा चाचपले. कोरडे होते. टाकीचं झाकण घट्ट लावून म्हणाले, “पट्टा बांध.”

समुद्र आला. काकूंनी डोळे गच्च मिटले. काकांचा एक हात विमान वळवायच्या दांड्यावर, दुसरा उलटा कंप्युटरवर. “गार आहे,” ते पुटपुटत होते, “गार आहे.” मग धावपट्टी दिसली, विमान धाडधाड उसळलं आणि थांबलं. “उतरलो?” काकूंनी विचारलं. इतके दिवस या दोघांची टिंगल करणारी मी, मलाच मेलीला रडू फुटलं.

ते गेले दुबईला. नातू सोडत नाही म्हणे, त्यामुळे मुक्काम लांबतोय. किल्ली माझ्याकडे आहे. परवा फोन केला, “काका, टाकीतलं पाणी हिरवं झालंय, शेवाळं धरलंय. बदलून टाकू?”

“नक्को!”

मागून काकू ओरडल्या, “अगं, आम्हाला परत नाही का यायचं?”

फोन ठेवून मी कंप्युटरला उलटा हात लावला. गार होता. काकूंच्या खुर्चीला ओढणीचा पट्टा सुटून लोंबत होता, तो मी तसाच राहू दिला.