शेपूट धरलं

मथुरा बोराटे बाईंनी झुंबर तात्यांना पहिल्यांदा नीट पाहिलं ते एका कोंबडीमुळं. १९९४चा जून होता. बाई मूळच्या बारामतीच्या. निमगाव केतकीच्या हायस्कुलात विज्ञान शिकवायला त्या नुकत्याच रुजू झाल्या होत्या. शाळेच्या कुंपणाला लागूनच गुरांचा दवाखाना होता. मधल्या सुट्टीत त्या कुंपणापाशी उभ्या असताना पलीकडं एक म्हातारी कोंबडी काखोटीला मारून आली आणि खाकी कपड्यातल्या एका उंच, जरा पोक आलेल्या माणसाला म्हणाली, "डागदर, हिला बघा की."

"डॉक्टर इंदापूरला मीटिंगला गेल्यात. मी परिचर. दावं धरनारा मानूस."

"मग दावंच धर की बाबा."

आता कोंबडीला कुठलं दावं! तो माणूस उकिडवा बसला, कोंबडीच्या गळ्याखाली दोन बोटं फिरवली आणि सांगितलं, वाळकं काहीतरी गिळलंय, कोमट पाणी पाजा, आणि उद्या डॉक्टरांना दाखवा. दुसऱ्या दिवशी म्हातारी काही आली नाही. बाईंनी मुद्दाम चौकशी केली, तर कोंबडी उकिरडा उकरत होती.

झुंबर मारकड तेव्हा पंचेचाळिशीचे असतील. सगळा गाव त्यांना तात्या म्हणे, आणि निम्मा गाव डॉक्टर समजे. ते प्रत्येकाला न चुकता दुरुस्त करत. वडिलांची साठ मेंढरं होती. तात्यांचं लहानपण त्यांच्या मागं माळानं हिंडण्यात गेलं. पुढं कालव्याचं पाणी आलं, माळ उसाखाली गेले, चरायला जागा उरली नाही, तेव्हा वडिलांनी मेंढरं विकली आणि तात्या दवाखान्यात चिकटले. मेंढरं गेली तरी हाताची सवय गेली नाही. दारात कुठलंही जनावर आलं की तात्या आधी त्याच्या पाठीच्या कण्यावरून तळवा फिरवत. मेंढराची तब्येत डोळ्यांनी कळत नाही, असं त्यांचं म्हणणं. लोकर लबाड असते, खालचं हाड झाकते. आणि आजारी जनावर सुधारलं तरी ते 'बरं झालं' असं कधी म्हणत नसत. ते म्हणत, 'अंग धरलं.' हे दोन शब्द ऐकायला लोक आठ-आठ दिवस खेटे घालत, पण पाठीवर मांस बोटाला लागल्याशिवाय ते शब्द तात्यांच्या तोंडून निघत नसत.

पुढच्या वर्षी दिवाळीला बाई बारामतीला माहेरी गेल्या. त्यांचा धाकटा भाऊ अनुप मार्चमध्येच नोकरीसाठी मस्कतला गेला होता. जाण्याआधी वर्षभर त्याला परदेशी प्राणी पाळायचं वेड लागलं होतं. मुंबईच्या एका पक्षी विकणाऱ्याकडून त्यानं दोन पाली आणल्या होत्या. पिवळ्या अंगावर काळे ठिपके, जाड शेपटी, आणि आपल्या पालींना नसतात तशा पापण्या. लेपर्ड गेको म्हणतात, असं तो येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगे. तो गेला आणि ती काचेची पेटी मागच्या गॅलरीत पाण्याच्या पिंपाआड जाऊन बसली.

भाऊबीजेच्या सकाळी बाईंनी पेटी बाहेर ओढली. आंबूस वास आला. आत वाळू, आणि वाळूत एक बशी.

"नेमानं दूधभात ठेवते गं," आई म्हणाली. "खात नाहीत मेल्या. मागं जास्वंदीची फुलंसुद्धा घालून बघितली."

आईवर रागावण्यात अर्थ नव्हता. मुक्या जीवाला दूधभात घालावा, यापलीकडं तिला कुणी काही सांगितलंच नव्हतं. एका कोपऱ्यात दोन्ही पाली एकमेकींवर पडल्या होत्या. पूर्वी पिवळ्या असलेल्या त्या आता राखेच्या रंगाच्या झाल्या होत्या, बोटांवर जुन्या कातडीचे पांढरे कडे आवळले होते. त्या जिवंत आहेत की नाहीत हे बघायला बाईंनी हात घातला. वरची पाल एकाएकी सळसळली, बाई दचकल्या, आणि बोटांत जे आलं ते त्यांनी घट्ट धरलं. पाल वाळूत पडली. शेपटी बाईंच्या चिमटीत राहिली, वळवळत.

बाई घाबरल्या नाहीत. पालीचं शेपूट परत येतं, हे त्या सातवीला शिकवत होत्या. फळ्यावर 'पुनर्जनन' असा शब्दही लिहीत होत्या.

सुट्टी संपल्यावर त्या पेटी शालीत गुंडाळून मांडीवर घेऊन इंदापूरच्या एस.टी.त बसल्या. कंडक्टरनं विचारलं तेव्हा, प्रयोगशाळेचं सामान आहे, म्हणाल्या. निमगावला उतरून थेट दवाखाना गाठला. डॉक्टर भले गृहस्थ होते. त्यांनी काचेतून पाहिलं, आपण म्हशीचे डॉक्टर आहोत, याचं औषध आपल्या पुस्तकात नाही, असं सरळ सांगितलं आणि कुणाच्या तरी अडलेल्या गाईसाठी मोटारसायकलला किक मारली.

तात्या पेटीशी उकिडवे बसले. हात धुऊन त्यांनी पहिली पाल तळव्यावर घेतली, पाठीवरून बोट फिरवत मागं नेलं, शेपटी चाचपली. मग दुसरी घेतली. बोट मागं गेलं आणि हवेत थांबलं.

"हिचं शेपूट कुठाय?"

"तुटलं," बाई म्हणाल्या. "पण येईल परत."

"यील की. पन कशातनं यील?"

तात्यांनी सावकाश सांगितलं. मेंढराचं साठवण पाठीवर असतं. या जातीचं शेपटात. खायला मिळेना की हिनं शेपटातलं खायचं. आता धान्याची कणगीच गेली. कुडीत काही नाही, आणि वरून नवी कणगी बांधायची आहे.

तुटलं नाही, मी तोडलं, हे बाईंच्या ओठांवर आलं होतं. पण त्या पेटीवरच्या शालीची घडी घालू लागल्या. त्या दिवसापासून ही पाल जगते की जाते, याखेरीज त्यांना दुसरं काही सुचेना.

दवाखान्याला संध्याकाळी कुलूप लागतं, म्हणून तात्यांनी पेटी घरी नेली. त्यांच्या पत्नी फुलाबाई दारातच उभ्या राहिल्या. पाल चुलीजवळ येणार नाही आणि भांड्यांना शिवणार नाही, या बोलीवर पडवीतला कोनाडा मिळाला. शेपूट नसलेलीला तात्या बांडी म्हणू लागले, शेपूट गेलेल्या बैलाला म्हणतात तसं.

आधी त्यांनी वाळू काढून टाकली. त्या जागी एका बाजूला शहाबादी फरशीचा तुकडा ठेवला. तो सकाळ-संध्याकाळ चुलीशी शेकायचा आणि तळहाताला सोसेल इतकाच ऊन ठेवायचा. दुसऱ्या बाजूला फुटक्या माठाचं खापर पालथं घातलं, त्याखाली ओलं फडकं. हे कुणी सांगितलं, असं बाईंनी विचारलं. कुणी नाही. माळावर असल्याच ठिपक्यांच्या पाली असतात, थोड्या काळपट, आणि त्या अशाच दगडाखाली सापडतात, वरून तापलेल्या आणि खालून ओल धरलेल्या. कोमट पाण्याच्या झाकणात दोघींना उभं करून, काडीला ओला कापूस गुंडाळून तात्यांनी बोटांवरची कातडी तीन दिवसांत सोडवली. बांडीची दोन बोटं आधीच झडून गेली होती.

खायला मात्र बांडी तोंड उघडेना. जबडा मेणासारखा मऊ झाला होता. ड्रॉपरनं पाजावं, असं बाईंचं मत पडलं. तात्यांनी मान हलवली. आजारी कोकराच्या तोंडात ओतलं की ते ठसक्यानं मरतं, त्याला चाटू द्यावं. त्यांनी रातकिडा चिरडून त्याचा रस ओठाला लावला आणि शेजारी बसून राहिले. बऱ्याच वेळानं एक गुलाबी जीभ बाहेर आली, ओठ पुसून आत गेली. दुसऱ्या दिवसापासून त्या रसात कोंबडीच्या खाद्यातला शिंपल्याचा चुरा पिठासारखा दळून मिसळू लागले, हाडांसाठी.

बाईंना आकड्यांशिवाय चैन पडत नसे. बाजारच्या दिवशी त्या दोन्ही पाली एका डब्यात घेऊन आप्पासाहेब सोनारांच्या दुकानी गेल्या, बरोबर तात्या. आप्पासाहेबांनी डब्यात डोकावून पाहिलं, चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"वजन करतो बाई. पण सोन्यासारखी घट किती धरू?"

दुकानातली बायामाणसं हसली. बांडी सव्वीस ग्रॅम भरली. पुढच्या बाजारी एकोणतीस. बाईंचा चेहरा खुलला, पण तात्यांनी बोटानं शेपटीचा खुंट चाचपला. मग म्हणाले, "पान्याचं हाय ते वजन. आन तराजूला शेपूट कुठं कळतंय?"

त्याच आठवड्यात दुसरी पाल गेली. तिची शेपटी शाबूत होती, म्हणून बाईंची सगळी भिस्त तिच्यावर होती. पण दूधभाताला येणारे किडे खाताना अनुपच्या पेटीतली वाळूही तिच्या पोटात गेली होती. तात्यांनी एरंडेलाचा थेंब दिला, कोमट पाण्यात धरून पोट हळूहळू चोळलं. पोट दगडासारखंच राहिलं. त्यांनी तिला परसातल्या शेवग्याखाली पुरलं आणि सकाळी शाळेच्या कुंपणाशी येऊन बाईंना सांगितलं.

"तिला तर शेपूट होतं, तात्या."

"कनगी भरल्याली हुती. पन घरात जायाची वाट बंद."

बाईंनी त्या रात्री नाही, पण रविवारी बसून अनुपला पत्र लिहिलं. एक गेली, आणि दुसरीची शेपटी माझ्या हातानं तुटली, असं स्पष्ट लिहिलं. पंधरवड्यानं उत्तर आलं. एवढं काय मनाला लावून घेतेस ताई, आलो की नव्या आणू. ते पत्र बाईंनी तात्यांना दाखवलं नाही. मात्र त्याच दिवशी संध्याकाळी पडवीत बसून शेपटीचं खरं काय ते सांगून टाकलं.

तात्या खापराखालचं फडकं ओलं करत होते. "ठावं हाय," ते म्हणाले. "जखम ताजी हुती. पेटी तुमच्या हातात. दुसरं कोन तोडनार?"

"मग बोलला का नाहीत?"

यावर तात्यांनी आपलीच एक गोष्ट सांगितली. बारा वर्षांचे असताना माळावर त्यांनी असलीच एक पाल काठीनं ठेचली होती. हिची फुंकर लागली तर मेंढरू मरतं, असं चुलत्यांनी सांगितलं होतं. साठ मेंढरांची राखण अंगावर, मग काय करणार. आता महिनाभर बांडीचं तोंड ते रोज स्वतःच्या तोंडाजवळ धरत होते. "अजून जित्ता हाय मी," ते म्हणाले, आणि आतून फुलाबाई हसल्या.

थंडी वाढली. फरशी आता तीनदा शेकावी लागे. डिसेंबरात बांडीनं पहिला आख्खा रातकिडा स्वतः झडप घालून धरला. तोपर्यंत कडब्याच्या गंजीखाली हात घालून रातकिडे पकडण्याचं काम फुलाबाईंनी आपण होऊन घेतलं होतं, कारण तात्यांना ते जमत नसे. पाल भांड्यांना न शिवण्याची बोली मात्र कायम होती. बाई रोज शाळा सुटल्यावर येत आणि शेपटीच्या खुंटाकडं बघत. खुंट सुरकुतलेलाच होता. त्यांना विचारायचा धीर होत नसे, आणि तात्या आपण होऊन सांगत नसत.

संक्रांत झाली. त्यानंतरच्या आठवड्यात बाई सातवीच्या वर्गावर होत्या. प्राण्यांचाच धडा चालू होता. खिडकीत खाकी सदरा दिसला. तात्या शाळेच्या आवारात कधीच येत नसत, म्हणून बाईंच्या हातातला खडू तिथंच राहिला. वाईटच बातमी असणार, असं त्यांनी मनाशी धरलं.

तात्यांनी खिडकीच्या गजाला धरून, वर्गाला संकोचून, हलक्या आवाजात सांगितलं.

"बाई, बांडीनं शेपूट धरलं."

मुलं खो-खो हसली. बाईंनी त्यांना हसू दिलं. मग त्या फळ्याकडं वळल्या आणि 'पालीचं तुटलेलं शेपूट पुन्हा येतं' या वाक्यापुढं, पुस्तकात नसलेलं, आणखी एक लिहिलं: 'पण तिला पोटभर खायला मिळालं तरच.' पुढं त्यांनी जितकी वर्षं शिकवलं तितकी वर्षं ही दोन वाक्यं एकाखाली एक लिहिली.

नवी शेपटी पहिल्यासारखी आली नाही. आखूड, टोकाला फुगलेली, लसणाच्या गड्ड्यासारखी, ठिपके मात्र गर्दीनं. अनुप दोन वर्षांनी आला, पण त्यानं पेटीची आठवण काढली नाही आणि बाईंनीही ती करून दिली नाही. बांडी तात्यांच्या पडवीत आणखी अकरा वर्षं जगली. पोरंबाळं तिला बघायला येत. तात्या तिला हातावर घेऊन पहिल्यांदा शेपटीच चाचपायला लावत.

बोराटे बाईंची पुढं इंदापूरला बदली झाली, तिथूनच त्या निवृत्त झाल्या. त्याआधी कितीतरी वर्षं तात्या निवृत्त झाले होते, परिचर म्हणूनच. आता ते पंचाहत्तरीच्या पुढं आहेत, फुलाबाईंबरोबर निमगावातच राहतात. दृष्टी अधू झाली आहे. बाजारच्या दिवशी शेळ्यामेंढ्या घेणारे लोक सौदा करण्याआधी त्यांना हात धरून नेतात आणि जनावराच्या पाठीवर त्यांचा तळवा ठेवतात. याबद्दल ते एक चहा घेतात, बिनसाखरेचा.